तळघरातला माणूस दोन दुणे चारवर एवढा का चिडतो?

मुक्काम_पोस्ट

मंडळी, सध्या रशियन कादंबऱ्यांची पारायणं चालू आहेत. तुर्गेनेव्ह, तोल्स्तोय, चेखव सगळे पुन्हा काढलेत, पण गाडी अडकलीय ती दस्तयेवस्कीच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'वर. १८६४ सालचं छोटेखानी पुस्तक. चाळिशीचा एक सरकारी कारकून. लांबच्या नातेवाइकाकडून सहा हजार रूबल हाती पडल्याबरोबर तो राजीनामा देतो, पीटर्सबर्गच्या टोकाला एका भिकार खोलीत जाऊन बसतो आणि तिथून अख्ख्या जगाशी भांडतो. सुरुवातीलाच सांगतो की यकृत दुखतंय बहुतेक, पण डॉक्टरकडे जाणार नाही. का? तर खुन्नस म्हणून. यात डॉक्टरचं काडीचंही बिघडत नाही, बिघडतं ते आपलंच, हेही त्याला पक्कं ठाऊक आहे.

त्याचा खरा राग दोन दुणे चारवर. माणसाला त्याचं हित नीट समजावून दिलं की तो आपोआप शहाण्यासारखा वागेल, असं म्हणणाऱ्यांनी माणूस पाहिलेलाच नाही, असं त्याचं म्हणणं. उद्या विज्ञानाने आपल्या सगळ्या इच्छांचं कोष्टक मांडलं, एक लाख आठ हजारापर्यंतच्या लॉगॅरिथमच्या तक्त्यासारखं, तरी कोणीतरी कमरेवर हात ठेवून उभा राहील आणि म्हणेल, घाला हो लाथ या शहाणपणाला. फायदा काही नाही. नुसतं स्वतःच्या मर्जीने जगता यावं एवढ्यासाठी.

'बुद्धिवादाला नकार' असं म्हणून हे सगळं एका ओळीत गुंडाळलं जातं. मला ते पटत नाही. हा गृहस्थ बुद्धीचा शत्रू नाहीच, तो बुद्धीच्या आहारी गेलाय. एक साधी कृती करायची म्हटली तरी तिच्यामागचं कारण, त्या कारणामागचं कारण असं खणत जातो आणि शेवटी हातपाय हलत नाहीत. तुर्गेनेव्हचा बझारोव्ह घ्या, 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला रास्कोल्निकोव्ह घ्या, 'ब्रदर्स करमाझोव्ह'मधला इव्हान करमाझोव्ह घ्या. जगाला परकी झालेली ही माणसं आपापल्या पुस्तकातली सर्वांत हुशार माणसं आहेत. मग हे तुटलेपण बुद्धी नाकारल्यामुळे आलं, की बुद्धीपायीच आलं?

तिरकस_तात्या

धाग्याची शंभरी नक्की. जागा धरून ठेवली आहे, चहा टाकून आलोच.

गणितमास्तर

दोन दुणे चारवर चिडणाऱ्या माणसाच्या घरी चूल कोण पेटवतं ते आधी बघावं. या तळघरवाल्याकडे सहा हजार रूबल आहेत. त्याआधी नोकरीत असतानाही घरात अपोलोन नावाचा गडी होता, ज्याचा सात रूबल पगार हा इसम मुद्दाम अडवून धरायचा. पोटाला चिमटा बसलेला माणूस 'मला माझी मर्जी हवी' असं पानंच्या पानं बोलत नाही, तो कामाला जातो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. बुद्धिवादाची टिंगल रशियात कोणी केली ते रशियाला लखलाभ. आपल्याकडे विवेकाची बाजू घेणाऱ्यांना काय काय सोसावं लागलं? आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती पुण्यात. त्या मातीत बसून आपण 'बुद्धीपायी माणूस एकटा पडतो' वगैरे कौतुकाने बोलायचं, हे मला झेपत नाही.

काजवा

मास्तरांना +१. (मी यातलं एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. रास्कोल्निकोव्ह, रोदिओन, रोद्या आणि रोदका हा एकच प्राणी आहे हे लक्षात येईपर्यंत म्हातारीचा खून होऊन गेला होता.)

रानजाई

मास्तर, तुमचा दुसरा मुद्दा मान्य, पण तो या पुस्तकाला लागू होतो का ते बघायला हवं. तळघरवाला हवेत वार करत नाहीये. त्याच्यासमोर एक ठरावीक माणूस उभा आहे: समाजवादी लेखक चेर्निशेव्स्की. त्याला १८६२च्या जुलैमध्ये अटक झाली आणि पीटर-पॉल किल्ल्यातल्या कोठडीत बसून त्याने 'व्हॉट इज टु बी डन?' ही कादंबरी लिहिली. ती १८६३मध्ये 'सोव्रेमेन्निक' मासिकात आली. संपादक नेक्रासोव्हने हस्तलिखित वाटेत बर्फगाडीतून पाडलं होतं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, बक्षीस लावून परत मिळवलं. मिळालं नसतं तर रशियाचा इतिहास थोडा वेगळा झाला असता, कारण पुढच्या पिढ्यांतल्या क्रांतिकारकांनी ही कादंबरी पोथीसारखी वाचली. लेनिनने १९०२मध्ये आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं.

कादंबरीचा गाभा असा: माणूस स्वार्थीच असतो, पण त्याला आपला खरा स्वार्थ कळला की तो इतरांचंही भलंच करतो. नायिका व्हेरा पाव्लोव्हनाच्या चौथ्या स्वप्नात लोखंड-काचेचा एक भलामोठा प्रासाद येतो. हजारो माणसं एकत्र राहतात, आनंदाने काम करतात, संध्याकाळी नाचतात. हा प्रासाद लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर बेतलेला. तो १८५१च्या प्रदर्शनासाठी बांधला आणि नंतर सिडनहॅमला हलवला. दस्तयेवस्की १८६२मध्ये लंडनला जाऊन आला होता. चेर्निशेव्स्कीला जिथे स्वर्ग दिसला तिथे याला धडकी भरली. तळघरवाला म्हणतो, जिच्याकडे बघून चोरून जीभसुद्धा काढता येत नाही असली इमारत मला नको.

आता गंमत पाहा. चेर्निशेव्स्कीचा लोपुखोव्ह हा गरीब विद्यार्थी. त्याचा नियम असा की रस्त्यात बायका सोडून कोणालाही आपण होऊन वाट द्यायची नाही. समोरून एक ऐटबाज गृहस्थ येतो, धक्का देतो, हा त्याला उचलून गटारात आडवा करतो. हिशेब संपला. तळघरवाल्याला तोच प्रसंग दिलाय, फक्त उलटा. बिलियर्डच्या टेबलाजवळ एक अधिकारी त्याला खांद्याला धरून, खुर्ची सरकवावी तसा बाजूला ठेवतो आणि निघून जातो. मग वर्षानुवर्षं हा नेव्स्की रस्त्यावर त्या अधिकाऱ्याला धक्का द्यायच्या योजना आखतो. धक्का द्यायचा तर कपडे बरे हवेत! म्हणून काळे हातमोजे, नवी टोपी. कोटाची रॅकूनची कॉलर काढून बीव्हरची लावायची, त्यासाठी साहेबाकडून उसने पैसे. इतकं करून ऐन वेळी दरवेळी हाच बाजूला होतो. शेवटी एकदा डोळे मिटून खांद्याला खांदा लागतो, आणि तो अधिकारी वळूनसुद्धा बघत नाही.

चेर्निशेव्स्कीच्या सिद्धान्ताला दस्तयेवस्कीने दिलेलं उत्तर मला त्या लॉगॅरिथमपेक्षा या कॉलरमध्ये जास्त दिसतं.

तिरकस_तात्या

कॉलर बदलायला साहेबाकडून उसने! म्हणजे एका धक्क्यापायी कर्जबाजारी. हा खरा नोकरदार.

बोरूबहाद्दर

रानजाई, फार सुंदर प्रतिसाद. मास्तरांनी आगरकर काढलेच आहेत तर थोडं अवांतर. चेर्निशेव्स्कीने जॉन स्टुअर्ट मिलचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ रशियनमध्ये आणून त्यावर टिपा लिहिल्या होत्या. आपल्या आगरकरांचे गुरूही मिल आणि स्पेन्सरच. आणि आगरकरांनाही तुरुंग चुकला नाही: कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीला १०१ दिवस, त्यावर त्यांचं पुस्तकही आहे. एकाच मिलच्या पुस्तकांतून पीटर्सबर्गात आणि पुण्यात बंडखोर तयार होत होते. फरक एवढाच की आमच्याकडे आगरकरांना उत्तर द्यायला सनातनी आले, तळघरवाला आला नाही.

गणितमास्तर

@बोरूबहाद्दर, तेच तर म्हणतोय. आणि बरं झालं आला नाही.

शिळी_भाकरी

मला यात मानसशास्त्रापेक्षा शहर जास्त दिसतं. तळघरवाला स्वतः पीटर्सबर्गला जगातलं सर्वांत अमूर्त आणि मुद्दाम आखून केलेलं शहर म्हणतो. खोटं नाही ते. १७०३मध्ये झारच्या हुकमाने दलदलीत खांब ठोकून उभं केलेलं शहर. १७२२मध्ये त्याच पीटरने सगळ्या नोकरशाहीची चौदा पायऱ्यांची उतरंड लावून दिली. गोगोलच्या 'ओव्हरकोट' कथेतला कारकून अकाकी अकाकियेविच नवव्या पायरीवर, तळघरवाला आठव्या. म्हणजे शहाणपण, शिस्त, आखणी या गोष्टी या लोकांच्या वाट्याला आल्या त्या वरून आलेल्या फर्मानाच्या रूपात. शिकलेला वर्ग फ्रेंचमध्ये बोलायचा आणि ज्यांच्या नावाने गळा काढायचा त्या शेतकऱ्याशी त्याला धड बोलता येत नव्हतं.

तुर्गेनेव्हच्या 'फादर्स अँड सन्स'मधला (१८६२) बझारोव्ह घ्या. बेडूक फाडणारा, 'एक बरा रसायनशास्त्रज्ञ वीस कवींना भारी' म्हणणारा. त्याला घमेंड की मला गावातल्या माणसांशी बोलता येतं. आणि तुर्गेनेव्ह हळूच सांगून टाकतो की त्या शेतकऱ्यांच्या लेखी हा एक विदूषकच होता. त्या एका वाक्यात परकेपणाचं सगळं राजकारण आहे. त्यामुळे मूळ धाग्याला माझं उत्तर: बुद्धी दोषी नाही, बुद्धी ज्या दाराने आली ते दार दोषी.

सदाफुली

सगळे पहिल्या भागावर बोलताय, दुसऱ्या भागातली लिझा कुणालाच आठवत नाही का? (पुरुष वाचकांचं हे नेहमीचं आहे असं म्हणणार होते, पण रानजाई ताई आहेत की दादा ते माहीत नाही.)

जेवणाच्या त्या पार्टीत जुने वर्गमित्र याला न सांगता वेळ पाचाची सहा करतात. नंतर हा तीन तास टेबलापासून शेगडीपर्यंत बूट आपटत येरझाऱ्या घालतो आणि ते ढुंकून बघत नाहीत. तिथून अपमान गिळून हा वेश्यावस्तीत जातो. लिझा वीस वर्षांची, रीगाहून आलेली. हिच्यासमोर हा काय करतो? भाषण! संसार किती सुंदर असतो, तू मेलीस तर तुला कसं पुरतील, सगळं रंगवून रंगवून सांगतो. ती एवढंच म्हणते की तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलता. आणि तरी तिला ते लागतं, ती रडते, हा तिला पत्ता देऊन येतो.

मग ती खरंच घरी येते. हा फाटक्या झग्यात, अपोलोनशी पगारावरून हातघाईवर. शेवटी हाच हुंदके देऊन रडायला लागतो. ती त्याला जवळ घेते. तर्क नाही, सिद्धान्त नाही, समोरचा दुःखी आहे हे तिला कळतं, बस्स. आणि ते याला सहन होत नाही. ती निघताना हा तिच्या हातात पाच रूबलची नोट कोंबतो. नंतर ती नोट त्याला टेबलावर चुरगळलेली सापडते.

मुक्काम_पोस्ट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. त्याला परकं केलंय ते बुद्धीनेही नाही आणि बुद्धीच्या नकारानेही नाही. आपण वर नसू तर खाली आहोत, मधली जागाच नाही, ही जी त्याची पक्की समजूत आहे तिने. लिझाने बरोबरीने वागवलं, तिथेच घोडं पेंड खातं.

रानजाई

ताईच. :)

आणि लिझाबद्दल पूर्ण सहमत. चेर्निशेव्स्कीच्या कादंबरीतही किर्सानोव्ह एका वेश्येला त्या आयुष्यातून बाहेर काढतो आणि ते सगळं छान सुरळीत पार पडतं. इथे पुन्हा तोच प्रसंग उलटा केलाय.

डॉ_कंदील

धागा उशिरा पाहिला. धंद्याने डॉक्टर असल्यामुळे यकृताच्या वाक्यावर थांबलो होतो. असे रुग्ण रोज येतात, म्हणजे खरं तर येत नाहीत, त्यांच्या बायका येतात.

तोल्स्तोयचं 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' (१८८६) या चर्चेत हवं. तिथे बुद्धिवादाशी भांडण नाही, आरडाओरडा नाही. इव्हान इलिच न्यायाधीश आहे, सगळं नियमात बसवणारा. दुखणं बळावल्यावर त्याला शाळेतल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं उदाहरण आठवतं: कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. कायसपुरतं हे सगळं बरोबर. पण लहानपणी ज्याला पट्ट्यापट्ट्यांच्या चामड्याच्या चेंडूचा वास इतका आवडायचा तो वान्या, म्हणजे मी, कायस थोडाच होतो? विधान खरं आहे, सिद्ध आहे, आणि तरी ते मरणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं नाही. घरातले सगळे खोटं बोलतात. एकटा गेरासिम हा गडी त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण त्याने बरं वाटतं. वेदनाशमनाची अर्धी विद्या त्यात आली.

पण गणितमास्तरांच्या बाजूनेही साक्षीदार देतो, तोही रशियन आणि डॉक्टर. चेखवने १८९४च्या मार्चमध्ये आपला प्रकाशक सुवोरिन याला लिहिलेलं पत्र आहे. तोल्स्तोयच्या तत्त्वज्ञानाची आपल्यावर सहा-सात वर्षं पकड होती, आता ती सुटली असं सांगून म्हणतो की ब्रह्मचर्य आणि शाकाहारापेक्षा वीज आणि वाफेत मानवजातीवरचं प्रेम जास्त आहे. आणि त्याआधी दोन वर्षं आलेलं 'वॉर्ड नंबर सिक्स' वाचा. डॉक्टर रागिन हा वाचणारा, विचार करणारा सज्जन. उबदार अभ्यासिका आणि वेड्यांचा वॉर्ड यात काही फरक नाही, समाधान माणसाच्या आत असतं, असं तो वॉर्डातल्या ग्रोमोव्हला ऐकवतो. ग्रोमोव्ह त्याला झोडतो की तुम्हाला कधी कोणी मारलंय का? पुढे रागिनलाच त्या वॉर्डात कोंडतात, पहारेकरी निकिताचा ठोसा तोंडावर बसतो, आणि वर्षानुवर्षं ही माणसं रोज हेच सोसत होती हे त्याला तेव्हा कळतं. इथे काय नाकारलंय? बुद्धी नव्हे. बुद्धीचा वापर करून स्वतःला झोपवून ठेवणं.

काजवा

हा प्रतिसाद वाचून पहिल्यांदाच रशियन काहीतरी वाचावंसं वाटलं. वॉर्ड नंबर सिक्स किती पानांचं आहे?

डॉ_कंदील

दीर्घकथा आहे. एका बैठकीत होईल. रात्री नका वाचू.

तिरकस_तात्या

सगळ्या दिग्गजांत माझा ओब्लोमोव्ह राहिला. गोंचारोव्ह, १८५९. पहिला अख्खा भाग संपेपर्यंत हा माणूस अंगावरच्या झग्यात लोळत असतो, लोक येऊन भेटून जातात. त्याचा मित्र श्टोल्झ अर्धा जर्मन, उद्योगी, सकाळी उठणारा, हिशेब चोख. आणि लेखकाने कितीही ठरवलं तरी वाचकाचा जीव ओब्लोमोव्हवरच जडतो. बुद्धिवादाला असा गादीवर पडल्या पडल्या नकार दुसऱ्या कुणी दिला नसेल.

शिळी_भाकरी

तात्या, त्या गादीखाली साडेतीनशे भूदास राबत होते हेही सांगा लोकांना. ओब्लोमोव्हला असं झोपून राहता येत होतं ते त्यांच्या जिवावर. भूदासपद्धत गेली १८६१ला.

तिरकस_तात्या

सांगितलंत ना तुम्ही. मी लोळतो.

नवथर_वाचक

आपल्याकडचा पांडुरंग सांगवीकर याच माळेतला ना? 'कोसला' १९६३ची, तळघरवाल्याला बरोबर शंभरी लागत आली होती.

रानजाई

मला नाही वाटत. पांडुरंग भांडत नाही, तो 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' करत सगळ्याला सारखंच पातळ करून टाकतो. शिवाय त्याला परत जायला सांगवी आहे. तळघरवाल्याला गाव नाही, आईबाप नाहीत, शाळेतसुद्धा दूरच्या नातेवाइकांनी आणून टाकलेला पोर. तुलना करायचीच तर उलट दिशेने करावी लागेल.

मुक्काम_पोस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. सदाफुली, 'मधली जागाच नाही' हे घेतलं, वहीत लिहून ठेवलं.

मास्तर, तुम्ही लेखकाला आणि पात्राला एकत्र धरताय असं वाटतं. दस्तयेवस्की स्वतः सैनिकी इंजिनियरिंग शिकलेला. तरुणपणी पेत्राशेव्स्कीच्या मंडळात फ्रेंच विचारवंत फूरियेचा समाजवाद वाचणाऱ्यांपैकी तोही एक. त्यापायी १८४९मध्ये अटक, डिसेंबरात सेम्योनोव्ह चौकात गोळ्या घालायला उभं करून ऐन वेळी शिक्षा बदलली, मग ओम्स्कला चार वर्षं सक्तमजुरी. तेव्हा काचेच्या महालाची ओढ काय असते ते त्याला आतून माहीत होतं.

आणखी एक. पुस्तकाचा पहिला भाग छापून आल्यावर त्याने भाऊ मिखाइलला पत्र लिहून सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडली. जिथे मी सगळ्याची टिंगल केली, देवाचीही निंदा केल्यासारखं दाखवलं, तिथे यांनी हात लावला नाही, आणि त्यातून जिथे श्रद्धेची, ख्रिस्ताची गरज दाखवली तेवढंच कापलं, अशी तक्रार. म्हणजे तळघरवाल्याचं म्हणणं हा शेवटचा शब्द नव्हता. तो आजार होता, औषध सेन्सॉरने कापलं. तेही कोणत्या दिवसांत लिहिलं? मॉस्कोत बायको क्षयाने अंथरुणाला खिळलेली. एप्रिलमध्ये ती गेली, जुलैमध्ये मिखाइलही गेला.

गणितमास्तर

म्हणजे शेवटी बुद्धी नको, ख्रिस्त घ्या. माझी शंका खरीच ठरली की!

रानजाई

पण तो कापलेला मजकूर पुढच्या आवृत्त्यांतही त्याने परत घातला नाही, संधी होती तरी. मला तर वाटतं त्यालाही कळलं असावं की औषध नसताना पुस्तक जास्त खरं आहे.

मुक्काम_पोस्ट

किंवा औषध लिझाच्या रूपाने आत आधीच आहे, म्हणून वेगळी बाटली लागली नाही. सदाफुलींचा प्रतिसाद वाचून हे सुचलं.

गणितमास्तर

ठीक. मग माझ्या विषयातलं एक देतो. 'ब्रदर्स करमाझोव्ह'मध्ये इव्हान धाकट्या भावाला, अल्योशाला म्हणतो की माझी बुद्धी युक्लिडची, तीन मितींची. समांतर रेषा अनंतात कुठेतरी मिळतात असं म्हणणारे भूमितिवाले आहेत, पण ते माझ्या आवाक्याबाहेरचं. (लोबाचेव्स्कीने नवी भूमिती कझानला १८२९ पासून छापायला सुरुवात केली होती, कादंबरी १८७९-८०ची.) मग म्हणतो, त्या रेषा मिळालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या तरी स्वीकारणार नाही. कुत्र्यांच्या तोंडी दिलेल्या एका पोराचं उदाहरण देतो आणि सांगतो की असल्या रक्तावर उभा राहणारा अंतिम सुसंवाद मला नको, माझं तिकीट मी परत करतो.

आता बघा, इथे नकार कोण देतंय आणि कशाला? इव्हान बुद्धी नाकारत नाहीये. तो तिला घट्ट धरून बसलाय आणि ती सोडून श्रद्धेत उडी मारायला सांगणाऱ्याला ठाम नाही म्हणतोय. माझ्या मते दस्तयेवस्कीने बुद्धिवादाची सर्वांत उजवी बाजू मांडली ती इथे, स्वतःच्या मनाविरुद्ध. तळघरवाला मला किरकिऱ्या वाटतो तो वाटतोच. इव्हानसमोर मात्र मी टोपी काढतो.

सदाफुली

मास्तर, क्या बात! पण मग 'सगळं माफ आहे' हा इव्हानचाच निष्कर्ष घरचा नोकर स्मेर्द्याकोव्ह उचलतो आणि इव्हानच्या म्हाताऱ्या बापाचा गळा… म्हणजे डोकं फोडतो, त्याचं काय? इव्हान विचार करून थांबला, हिशेब दुसऱ्याने पुरा केला. ती जबाबदारी कुणाची?

काजवा

अहो स्पॉइलर! मी आत्ताच मागवलंय ते!

बोरूबहाद्दर

काजवाशेठ, पुस्तक १८८०मध्ये पुरं झालं. आता काय लपवायचं.

मुक्काम_पोस्ट

स्मेर्द्याकोव्हवर वेगळा धागा काढा, सदाफुली. इथे घातला तर मास्तर आणि मी दिवाळीपर्यंत उठणार नाही.